खत फेकावें कीं पुरावें?

ज्यांचें बिऱ्हाड शहरांत आणि जमीन गांवीं, अशा कुटुंबांत एक संभाषण दरवर्षीं ठराविक वेळीं होतें. वैशाखांत आंबे घेऊन गांवाहून कोणी येतो, पानें मांडलीं जातात, आणि मागचा भात वाढतां वाढतां कोणी तरी विचारतें, "यंदा शेतींत कांहीं उरलें कां?" उत्तरहि ठरलेलेंच असतें. "उरतें कुठलें! खताचा खर्च निघाला म्हणजे मिळविली." मग एखादा मिळवता मुलगा हळूच म्हणतो, "तर मग ठेवायची कशाला?" आमच्या घरींहि हें संभाषण कित्येक वर्षें चाललें होतें, आणि दोन वर्षांपूर्वीं तें विक्रीच्या कागदापर्यंत येऊन ठेपलें. त्यानिमित्त आम्हांस जें पाहावयास व शिकावयास मिळालें, तें या महिन्यांत वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

सही करण्यापूर्वीं एकवार जमीन डोळ्यांखालून घालावी, या हेतूनें आम्ही त्या वर्षीं श्रावणांत कोंकणांत गेलों. वडील बंधूंच्या पश्चात् शेती आमचा पुतण्या पाहतो. मुलगा कष्टाळू व हिशेबी. त्यानें वही पुढें ठेविली. युरियाच्या गोण्या वर्षानुवर्षें वाढत गेल्या होत्या. भाताच्या खंड्या मात्र होत्या तेथेंच होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो खाचरांत उतरला व पोटरीभर पाण्यांत उभा राहून पांढरे दाणे मुठीमुठीनें फेकूं लागला. दोन प्रहरीं आभाळ भरून आलें आणि कोंकणांतला तो पाऊस कोसळला. तासाभरांत पाणी बांधावरून ओसंडून वहाळाला मिळालें. वहिनी ओटीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भावोजी, तांदुळाचें धुवण ओतावें तसा पैसा ओतला गेला बघा!"

वहिनींचें शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंतचें. परंतु कृषिशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ जें सांगतात, त्याचा अर्धा भाग त्यांच्या या एका वाक्यांत आला, हें आम्हांस पुढें वाचन केल्यावर कळून आलें.

वनस्पतीला अनेक द्रव्यें लागतात. त्यांत नत्राचें स्थान पहिलें. पानांचा हिरवेपणा, दाण्यांतील पौष्टिक भाग, किंबहुना वाढणारा प्रत्येक अंकुर नत्रावर अवलंबून असतो. एक टन भात पिकावयाचें तर त्या पिकाला मातींतून सुमारें १५ ते २० किलो नत्र उचलावा लागतो. गंमत अशी कीं, आपण ज्या हवेंत वावरतों तिच्या १०० भागांत ७८ भाग हा नत्रवायूच आहे. पण समुद्रांत तहानेनें व्याकूळ झालेल्या नावाड्याप्रमाणें रोपाला त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. तो आधीं अमोनियाच्या किंवा नायट्रेटाच्या रूपांत मातींत यावा लागतो. द्विदल धान्यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हें काम करितात. शेणखत कुजून तेंच होतें. आणि १९०९ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनीं प्रयोगशाळेंत तेंच करून दाखविलें. कार्ल बॉश यांनीं ती कृति कारखान्याच्या आटोक्यांत आणिली, व १९१३ सालीं ओपाऊ येथें अमोनियाचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आजचा युरिया हा त्याच कुळांतला. त्याच्या १०० किलोंत ४६ किलो नत्र असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या ४५ किलोंच्या एका गोणींत म्हणजे जवळजवळ २१ किलो.

या खतानें पीक वाढतें, हें खोटें नव्हे. त्याचा सर्वांत जुना चालता पुरावा इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें पाहावयास मिळतो. तेथील ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत लॉझ व गिल्बर्ट या दोघां विद्वानांनीं १८४३ सालीं गव्हाच्या पट्ट्यांवर प्रयोग आरंभिला, आणि तो अद्यापि चालूं आहे. एका पट्ट्याला तेव्हांपासून कोणतेंच खत दिलेलें नाहीं. तेथें हेक्टरी सुमारें टनभर गहूं येतो. दुसऱ्याला नत्र सोडून बाकीचीं द्रव्यें मिळतात. तोहि फारसा पुढें जात नाहीं. ज्यांना नत्रहि मिळतो, ते पट्टे मात्र कित्येक पटींनीं पिकतात. एका पट्ट्याला दरवर्षीं केवळ शेणखत मिळतें. तोहि रासायनिक खताच्या पट्ट्यांच्या बरोबरीनें उभा आहे. शेणखताचे अभिमानी आणि गोणीचे अभिमानी यांचें भांडण ज्यांना मिटवावयाचें असेल, त्यांनीं हें शेत ध्यानांत ठेवावें. नत्र कोणत्या घरून आला, हें रोप विचारीत नाहीं. तो आपल्याला मिळाला कीं नाहीं, एवढेंच तें पाहतें.

परंतु याच शेतानें आणखी एक धडा दिला, आणि आमच्या विषयाला तोच अधिक महत्त्वाचा आहे. १८४९ सालीं त्या पट्ट्यांखालीं निचऱ्याचे नळ घालण्यांत आले. पुढें त्या नळांतून येणारें पाणी तपासलें, तेव्हां त्यांत नायट्रेट आढळलें. शरदऋतूंत दिलेलें खत हिंवाळ्याच्या पावसानें खालीं धुऊन जाई. वसंतांत, पीक वाढीला लागतांना दिलेलें, पुष्कळ अंशीं पिकाच्या कामीं येई. खत तेंच, शेत तेंच, पीकहि तेंच. वेळ चुकली कीं फळ चुकलें. तात्पर्य, उत्पन्न हें खत किती घातलें यावर जितकें अवलंबून असतें, तितकेंच तें कसें घातलें यावरहि असतें.

आतां आपल्या भाताच्या खाचराकडे वळूं. गव्हाच्या कोरड्या शेतापेक्षां येथील प्रकार अधिक कठीण. पाण्यावर फेकलेला युरिया दोनचार दिवसांत विरघळून अमोनियाचें रूप घेतो. पाण्यांत शेवाळ असतें. दिवसा उन्हांत तें वाढूं लागलें म्हणजे पाणी क्षारधर्मी होतें, आणि मग अमोनिया वायुरूप होऊन सरळ आकाशाची वाट धरितो. ही पहिली गळती. दुसरी याहून गूढ आहे. चिखलाचा अगदीं वरचा पातळ थर तांबूस असतो, कारण त्याला पाण्यांतून प्राणवायु मिळतो. त्याच्या खालचा चिखल करडा, प्राणवायूविरहित. वरच्या थरांत अमोनियाचें नायट्रेट बनतें. तें पाण्याबरोबर खालच्या करड्या थरांत उतरलें कीं तेथील जंतु त्याचा प्राणवायु हिरावून घेतात, आणि नत्र पुन्हां वायु होऊन जेथून आला तेथें, म्हणजे हवेंत, निघून जातो. तिसरी गळती वहिनींनीं ओटीवरून पाहिलेली. तिच्यासाठीं सूक्ष्मदर्शक नको.

या तिन्ही वाटांनीं मिळून फेकलेल्या नत्रापैकीं पिकाच्या वांट्याला बहुधा तिसरा हिस्सा येतो. फार तर ४० टक्के. म्हणजे गोणींतील २१ किलोंपैकीं सात-आठ किलो आपल्या ताटांत, आणि उरलेला वाऱ्यावर व ओढ्यांत. तो नुसता वायां जातो असेंहि नाहीं. विहिरींत नायट्रेट वाढलें तर तें तान्ह्या मुलांना अपायकारक; आणि करड्या चिखलांतून सुटणाऱ्या वायूंपैकीं नायट्रस ऑक्साइड हा पृथ्वी तापविण्याच्या कामीं कर्बवायूच्या सुमारें २७० पट प्रभावी. ज्या विहिरीचें पाणी आपण देवाला घालतों, तिच्याशींहि या मुठीचा असा संबंध आहे.

दानाविषयीं आपल्याकडे देश, काल व पात्र पाहावें असें सांगितलें आहे. खत हेंहि भूमीला दिलेलें दानच. म्हणून त्यालाहि तोच नियम लागू आहे.

प्रथम देश, म्हणजे स्थान. जपानांतील शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या पूर्वार्धांतच दाखविलें कीं, अमोनियाचें खत वर न फेकतां खालच्या करड्या चिखलांत पोंचविलें तर तें टिकतें. कारण तेथें प्राणवायु नाहीं, म्हणून नायट्रेट बनत नाहीं. आणि अमोनियाचे कण चिकणमातीला धरून राहतात. मुळें हळूहळू तेथें पोंचतात व लागेल तसें अन्न घेतात. पण चिखलांत खोल खत पोंचवावें कसें? दाण्यादाण्याचें काम मनुष्याच्यानें होण्यासारखें नव्हे. यावर युक्ति निघाली ती अशी कीं, युरिया यंत्रांत दाबून त्याच्या मोठ्या गोळ्या कराव्या व त्या हातानें पुराव्या. बांगलादेशांत या गोळीला गुटी युरिया म्हणतात. आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यास ती वैद्यांची गुटिकाच आठवली! तेथें फेकणीपेक्षां सुमारें तृतीयांश कमी युरिया लागून भाताचें उत्पन्न १५ ते २० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे अनुभव नमूद आहेत.

यासाठीं बांगलादेशापर्यंत जावयासहि नको. महाराष्ट्रांत मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनीं ‘चारसूत्री भातशेती’ म्हणून जी पद्धति घालून दिली, तिच्यांत हेंच तत्त्व आहे. पहिलें सूत्र, भाताचे तूस व पेंढा यांचा जमिनीसाठीं पुन्हां उपयोग. दुसरें, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलांत गाडणें. तिसरें, नियंत्रित लावणी. आणि चौथें, युरिया व डीएपी यांच्या मिश्र गोळ्या पुरणें. लावणीसाठीं दोरीवर एकदां १५ व एकदां २५ सेंटिमीटर अशा आळीपाळीनें खुणा करितात, व ओळींमध्येंहि तेंच अंतर राखितात. त्यामुळें चार चुडांचा एकेक लहान चौकोन होतो. लावणीच्या दिवशींच प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागीं सरासरी २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबावयाची. एवढेंच.

हिशेबाची हौस असणाऱ्यांनीं गणित करून पाहावें. प्रत्येक चौकोनाच्या वांट्याला ४० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद जागा येते. म्हणून हेक्टरी ६२,५०० गोळ्या, वजनानें सुमारें १६९ किलो. गोळींत युरिया ६० व डीएपी ४० या प्रमाणांत असतात. त्या हिशेबानें हेक्टरी नत्र ५९ किलोंच्या आंतच पडतो. गुंठ्याला गोळ्या सुमारें ६३२, वजन १ किलो ७०० ग्रॅम. सुधारलेल्या जातीला हेक्टरी १०० किलो नत्र फेकणाऱ्यास २१७ किलो युरिया घ्यावा लागतो, हें आतां ताडून पाहावें. एकट्या युरियाशीं मिश्र गोळीची तुलना सरळ होत नाहीं, कारण गोळींत स्फुरदहि आहे. तरी नत्राची बचत कोणाच्याहि ध्यानांत येईल.

दुसरा काल. ज्यास गोळ्या मिळत नाहींत अथवा पुरणें जमत नाहीं, त्यानें निदान सर्व खत एकदम देऊं नये. कांहीं भाग लावणीच्या वेळीं चिखलांत मिसळावा, कांहीं फुटवे येतांना, व उरलेला थोडा पोटरीच्या सुमारास द्यावा. देतांना खाचरांतील पाणी उतरवावें, मग बांध नीट बांधावा, आणि आभाळ पाहावें. जोराच्या पावसाची चिन्हें असतां खत टाकणें म्हणजे तें वहाळाला टाकणें होय. उशिरां व फाजील नत्र देण्यानें शेत काळेंभोर हिरवें दिसतें, शेजारीपाजारी वाखाणतात. परंतु असें भात उंच वाढून लोळतें, त्यावर करपा व किडी लौकर पडतात, आणि दाणा पोंचट राहतो. लाडावलेल्या मुलासारखेंच हें!

तिसरें पात्र, म्हणजे कोणत्या मातींत कोणतें खत. गोळी चिकण, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरासाठीं आहे. रेताड व झिरपणाऱ्या जमिनींत ती खालीं झिरपून जाईल. २०१५ सालापासून आपल्या देशांत तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतोच. त्यामुळें नायट्रेट बनण्याची क्रिया मंदावते, हें चांगलें. तथापि बांधावरून ओसंडणाऱ्या पाण्याला लेप अडवीत नाहीं. हिरव्या पाल्याचें महत्त्व तर निराळेंच. तो हळूहळू कुजतो, नत्र जपून देतो, आणि मातीचा पोत सुधारतो. तें काम गोणीला साधत नाहीं. आपल्या जुन्या ‘कृषिपराशर’ ग्रंथांत माघांत शेणाचा उकिरडा उकरून, वाळवून, त्याचें चूर्ण करावें, आणि फाल्गुनांत शेतांत खड्डे करून त्यांत तें घालून ठेवावें, मग पेरणीच्या वेळीं वापरावें, असें सांगितलें आहे; खतावांचून रोप वाढतें पण फळत नाहीं, हेंहि त्यांत आहे. त्या काळीं नत्राचें नांव कोणास ठाऊक नव्हतें, आणि ग्रंथकारांना रसायनशास्त्र येत होतें असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु खत उघड्यावर टाकूं नये, जपून ठेवावें व वेळ पाहून द्यावें, हा अनुभव त्यांच्या पदरीं होता, एवढें निश्चित.

हें सर्व आम्हीं पुतण्यापुढें मांडलें. तो हंसून म्हणाला, "काका, हें फळ्यावर ठीक आहे. साडेसहाशें गोळ्या एका गुंठ्याला, आणि वांकून पुरायच्या कोणी?" त्याची शंका रास्त होती. मजुरी महाग, मजूर दुर्मिळ. आणि या पद्धतीचा प्रसार जेथें अडला, तेथें बहुधा याच धोंड्यावर अडला. म्हणून सगळी शेती एकदम न बदलतां एकच खाचर घ्यावें, असें ठरलें. रोथॅमस्टेडचें स्मरण ठेवून आम्हीं त्यांत बांध घालून दोन सारखे भाग केले. एकांत गोळ्या, दुसऱ्यांत तीन हप्त्यांनीं फेकणी, आणि कडेला दोन हातांची पट्टी नत्रावांचून. गेल्या आषाढांत लावणीला वहिनी स्वतः बांधावर बसून दोरी धरीत होत्या. लावणीच्या बाया प्रथम हंसल्या. दुसऱ्या प्रहरीं त्यांचा हात बसला. एका कोपऱ्यांत मात्र घाईनें गोळ्या वरच्यावर दाबल्या गेल्या. त्या कोपऱ्यांत शेवाळ माजलें व रोपें फिकीं राहिलीं. तीन किंवा चार बोटें खोलीचा फरक किती महाग पडतो, तें सर्वांना दिसलें.

दिवाळीच्या सुमारास झोडणी झाली. बिनखताच्या पट्टीची रास पाहून पुतण्याच गप्प झाला. गोळ्यांच्या भागाला खत कमी लागलें होतें. तरी त्याची रास फेकणीच्या भागाहून कांहीं पायल्या अधिकच भरली. एका वर्षाच्या एका खाचरावरून सिद्धान्त बांधणें शास्त्राला धरून होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पाऊस बदलला तर आंकडे बदलतील. परंतु त्या दिवशीं घरांत जो पालट झाला, तो पायल्यांहून मोठा होता. "शेत पिकत नाहीं" असें म्हणणारीं माणसें "आपण तें नीट पिकवीत नव्हतों" असें म्हणूं लागलीं. या दोन वाक्यांत विक्रीच्या कागदाएवढें अंतर आहे.

तो कागद अजून कपाटांत आहे. त्यावर सही झालेली नाहीं. यंदा पुतण्यानें चार खाचरांत गोळ्या पुरावयाचें मनावर घेतलें आहे, आणि बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्याहि लावल्या आहेत.

ज्या वाचकांची भाताची जमीन गांवीं आहे, त्यांना आमची एवढीच विनंति कीं, आषाढ लागण्यापूर्वीं आपल्या भावास, पुतण्यास किंवा कुळास एक पत्र लिहावें. किती पीक आलें, हें आपण दरवर्षीं विचारतों. यंदा खत कोठें, केव्हां व कसें घातलें, तेंहि विचारावें. एक खाचर अर्धें करून पाहावें, आणि दोन्ही राशी निरनिराळ्या मोजाव्या. आपल्या पूर्वजांनीं जमीन राखली ती कसून. ती विकावयाची असेल तर निदान नीट कसून पाहिल्यावर विकावी, असें आम्हांस वाटतें.